चार सत्तांचे उपग्रह आणि माझ्या मेव्हण्याचा घोटा

एका मंगळवारी दुपारी माझा मेव्हणा ओस्वाल्दो आमच्या स्वयंपाकघरात बसून बटाट्याचं सूप पीत होता आणि त्याच वेळी, सरकारी नोंदीप्रमाणे, माचांगरा नदीच्या मधोमध उभा होता. हे आम्हाला कळलं ते हवालदार तिपान दारात येऊन उभा राहिला तेव्हा. त्याचे बूट चिखलाने माखले होते, कारण तो आधी नदीवर जाऊन आला होता. त्याने ओस्वाल्दोकडे पाहिलं, सुपाकडे पाहिलं, हातातल्या फोनकडे पाहिलं आणि म्हणाला, "ठिपका अजून पाण्यातच दाखवतोय."

"मग बुडालो असेन," ओस्वाल्दो म्हणाला आणि त्याने पावाचा तुकडा मोडला.

त्याला विनोद करायची सवय नव्हती, त्यामुळे कोणी हसलं नाही.

ओस्वाल्दो इमारत निरीक्षक होता. मंडईच्या नव्या छपराच्या दाखल्यावर त्याने सही केली. छप्पर बघायला तो गेलाच नव्हता. साहेब म्हणाले कर, त्याने केली. छप्पर पडलं आणि भाजी विकणाऱ्या दोन बायका त्याखाली गेल्या. साहेब त्याच आठवड्यात परदेशी गेले. खटला उभा राहीपर्यंत ओस्वाल्दोला तुरुंगाऐवजी नातेवाइकाच्या घरी ठेवावं आणि घोट्यावर यंत्र बसवावं, असं न्यायाधीशांनी ठरवलं. नातेवाईक म्हणजे मी. इतर आरोपी निदान "मी निर्दोष आहे" असं म्हणतात. हा तेही म्हणेना. त्यामुळे त्याचं सांत्वन नेमकं कुठून सुरू करायचं हेच आम्हाला कळत नसे.

यंत्राचं काम सोपं होतं. आकाशातल्या उपग्रहांचे संदेश ऐकायचे, आपण कुठे आहोत ते ठरवायचं आणि देखरेख कक्षाला कळवायचं. कक्षातल्या नकाशावर आमच्या घराभोवती एक वर्तुळ आखलेलं होतं. ठिपका वर्तुळाबाहेर गेला की तिथे घंटा वाजायची आणि इथे जीप यायची. अडचण एवढीच, की आमचं घर दरीच्या उतारावर. मागे डोंगर, समोर नन्सच्या मठाची उंच भिंत, शेजाऱ्यांचे पत्रे. आमच्या क्वितो शहरात आकाश भरपूर आहे, पण आमच्या वाट्याला आलंय ते पाय पुसायच्या फडक्याएवढं. यंत्र जुनं होतं, फक्त अमेरिकन उपग्रहांचं ऐकणारं. फडक्याएवढ्या आकाशात त्यातले कधी तीन सापडायचे, कधी चार, आणि त्यांचेही आवाज मठाच्या भिंतीवर आपटून फिरून यायचे. मग यंत्र मनाला येईल ते सांगायचं. ओस्वाल्दो दाढी करत असताना तो मठाच्या आवारात असायचा. झोपलेला असताना खाटकाच्या दुकानात. एकदा तर मठाच्या शयनगृहात नोंदला गेला आणि तिथल्या मदर सुपीरियरना पोलिसांसमोर पलंगाखाली वाकून बघावं लागलं. त्या बाईंनी अजून माझ्या नमस्काराला उत्तर दिलेलं नाही. जसं काही तो ठिपका मीच फेकला होता.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. मी फाउस्तो एन्दारा, सरकारी छापखान्यात मुद्रितशोधक. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेतोय. चूक दिसली की माझ्या मानेत कळ येते. हा गुण लोकांना आवडतोच असं नाही. सासरे वारले तेव्हा दफनविधी चालू असतानाच त्यांच्या थडग्याच्या दगडावर एक अक्षर उलटं कोरलेलं मला दिसलं आणि मी ते सांगितलं. कोणीतरी सांगायलाच हवं होतं. तेव्हापासून सासूबाई, तार्हेलियाबाई, माझ्याशी बोलत नव्हत्या आणि मीही त्यांच्याकडे जात नव्हतो. त्या दरीपलीकडे नन्सच्या वृद्धाश्रमात असतात. आमच्या घराच्या पायऱ्या त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाहीत, असं कारण आहे. मी त्या कारणाला धरून आहे.

तर माझ्या घरात राहणारा माणूस रोज चुकीच्या जागी छापला जात होता. हे मी किती दिवस सहन करायचं?

आधी शेजारी धावले. पिएदादबाई म्हणाल्या, घोट्यावर ओलं फडकं बांधा, यंत्र तापत असेल. बांधलं. यंत्राने ओस्वाल्दोला विमानतळावर नेऊन ठेवलं आणि त्या दिवशी दोन जीप आल्या. मग त्यांनी हरवलेल्या वस्तू शोधून देणाऱ्या संत अंतोनियोची तसबीर आणून दिली.

"पण बाई, हा हरवलेला नाहीये. इथेच आहे," मी म्हणालो.

"हो ना. मग संतालाही सोपं जाईल," त्या म्हणाल्या.

वरच्या गल्लीतले होल्गरकाका हवाई दलात वायरलेसवर होते. त्यांच्या मते यंत्राला आकाश दाखवणं एवढाच उपाय. म्हणून ओस्वाल्दो रोज सकाळी गच्चीवर पाठ टेकून, डावा पाय खुर्चीवर उंच ठेवून पडून राहू लागला. अंगात सूट, कारण त्याच्याकडे दुसरे चांगले कपडे नव्हते. समोरच्या बसथांब्यावरून तो स्वच्छ दिसायचा. छापखान्यात लोक मला विचारू लागले, "पाहुण्यांचा पाय बरा आहे का?"

आणि जीप येतच राहिली. न्याहारीला, जेवणाला, एकदा आमच्या गल्लीच्या रहिवासी समितीची बैठक आमच्याच दिवाणखान्यात चालू असताना. मी त्या समितीचा चिटणीस. बैठकीनंतर सगळ्यांनी मला प्रेमाने सांगितलं की मी थकल्यासारखा दिसतोय, चिटणीसपद काही काळ दुसऱ्या कोणाला द्यावं. दुसरा कोणी तयार होऊनच आला होता. त्याने पेनसुद्धा स्वतःचं आणलं होतं.

हवालदार तिपान मात्र चांगला माणूस. पुढे पुढे तो घंटा वाजली की येऊन कॉफी घ्यायचा आणि "इसम घरी आढळला" एवढं लिहून जायचा. एकदा त्याने "इसम दिवाणखान्यात आढळला" असं लिहिलं. मी म्हणालो, "हवालदार, दिवाणखान्यात नाही, स्वयंपाकघरात. दुरुस्त करा." बायको, नार्सिसा, ओट्याशी उभी होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं दूध उतू गेलं.

नंतर तिपान रविवारी यायचाच बंद झाला. रविवारी दुपारी ठिपका बहुतेक वेळा दरीपलीकडे जायचा. "तुमच्या यंत्राची ती रविवारची खोडच आहे," तो म्हणायचा आणि नुसता फोन करायचा. फोन नार्सिसा घ्यायची आणि सांगायची, "हो, इथेच आहे." मी त्या वेळी बुद्धिबळाच्या मंडळात असायचो.

अशात मला होल्गरकाकांकडून कळलं की नवी यंत्रं आली आहेत. ती एकट्या अमेरिकेवर विसंबत नाहीत. अमेरिकन, रशियन, युरोपियन आणि चिनी, चौघांचेही उपग्रह एकदम ऐकतात.

"समज, तू या शहरात एकाला पत्ता विचारलास," काका म्हणाले. "तो काय करतो? माहीत नसलं तरी हात करून दाखवतो. चौघांना विचारलंस तर त्यातला खोटा लगेच उघडा पडतो. शिवाय फडक्याएवढ्या आकाशातसुद्धा चौघांचे मिळून बारा-पंधरा उपग्रह असतातच. तुझा ठिपका खिळ्याने ठोकल्यासारखा बसेल."

त्या दिवशी मी घरी येताना गात होतो, असं पिएदादबाई सांगतात.

नार्सिसाला सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, आहे ते यंत्र काय वाईट आहे?"

"वाईट काय आहे? तुझा भाऊ खाटकाच्या दुकानात टांगला जातो रोज."

"टांगला जाऊ दे. त्याला त्रास नाही, मला नाही. तिपान कॉफी पिऊन जातो."

"आणि माझी अब्रू?"

तिने सोलायला बटाटा उचलला. बायकांना तंत्रज्ञानाची भीती वाटते, असा मी समज करून घेतला आणि तिला चौघांना पत्ता विचारण्याची गोष्ट पुन्हा एकदा सावकाश सांगितली. ती सोलत असलेला बटाटा सोलून सोलून लिंबाएवढा झाला.

देखरेख कक्षात पाच खिडक्या आहेत आणि त्यातली उघडी खिडकी रोज बदलते. तिसऱ्या फेरीत मला एक कारकूनबाई भेटल्या. त्यांनी संगणकात बघितलं आणि मान हलवली. "नवी यंत्रं फक्त अतिधोकादायक वर्गासाठी आहेत. तुमचा माणूस सौम्य वर्गात आहे."

"पण सौम्य माणूस कुठे आहे हे तुम्हाला कळतच नाही."

"सौम्य असल्यावर कळायची घाई काय?"

"मग मी काय करू?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "वर्ग बदलून घ्या. तो धोकादायक आहे असा पालक नातेवाइकाने अर्ज केला तर बदलतात. आजवर कोणी केलेला नाही."

मी केला. दोन संध्याकाळ बसून केला. त्यात मी लिहिलं की हा इसम शांत आहे, आणि शांत माणसाच्या हालचालींचा आवाज होत नाही, म्हणून तो अधिक धोकादायक. दोन माणसांचा मृत्यू त्याने एका सहीने घडवला, तिथे न जाता, यावरून त्याच्या आवाक्याची कल्पना यावी. जुन्या यंत्राची चूक शेकडो मीटरची, नव्याची दोन वितींची. लोकशाहीत प्रत्येक माणूस नेमका कुठे आहे हे निदान त्याच्या पालकाला कळलं पाहिजे. छापखान्यातल्या तीस वर्षांत मी इतकं निर्दोष काही लिहिलं नव्हतं. अर्जाखाली आरोपीचीही सही लागायची. हे धोकादायकपण फक्त कागदावरचं आहे, हे ओस्वाल्दोला समजावायला लागेल असं मला वाटलं होतं. त्याने कागद घेतला, खिडकीशी गेला, सगळा वाचला, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"भाऊजी, इथे एक स्वल्पविराम जास्त आहे," तो म्हणाला.

होता. माझ्या मानेत कळ आली, पण सरकारी अर्जावर खाडाखोड चालत नाही.

"खाली छापलंय, या वर्गात एकदा जरी नियम मोडला तरी ताकीद नाही, थेट तुरुंग," तो म्हणाला.

"पण तू मोडणार कशाला? तू तर घरीच असतोस."

"सही करताना वाचायचं असतं, हे मला उशिरा कळलं," तो म्हणाला. "ही वाचून करतो." आणि त्याने सही केली. दाराच्या आड नार्सिसा उभी होती, ते मला नंतर कळलं.

मला नंतर कळलेल्या गोष्टी बऱ्याच आहेत. ओस्वाल्दोने आईला भेटायची परवानगी न्यायालयाकडे मागितली होती, हे त्यातलं एक. आई मरायला टेकली असेल तर दोन तास मिळतात. मेली तर चार. त्यासाठी डॉक्टरांचा दाखला हवा, आणि वृद्धाश्रमाच्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं की बाई ठणठणीत आहेत, फक्त म्हाताऱ्या आहेत. नुसत्या म्हाताऱ्या आईला कायद्यात जागा नाही.

नवं यंत्र आलं आणि आमच्या घरावर शांतता पसरली. जीप नाही, घंटा नाही, चिखलाचे बूट नाहीत. मी कक्षात जाऊन मुद्दाम नकाशा बघून आलो. ठिपका आमच्या स्वयंपाकघरात, टेबलाच्या डाव्या बाजूला, जिथे ओस्वाल्दोची खुर्ची आहे तिथे. ज्या चौघांचं जगात कशावरही जमत नाही, त्यांचं माझ्या मेव्हण्याच्या घोट्यावर एकमत झालं होतं. मी होल्गरकाकांना मक्याचे उकडलेले उमितास नेऊन दिले. रहिवासी समितीतही माझ्याशी बोलणं पुन्हा सुरू झालं. चिटणीसपद मात्र परत मिळालं नाही.

घरात कोणी आनंदात दिसत नव्हतं, पण ते मी खटल्याच्या खात्यावर टाकलं. पुढचे दोन रविवार नार्सिसा एकटीच सुपाचा डबा घेऊन आईकडे गेली आणि दोन्ही वेळा भरला डबा परत घेऊन आली.

"मीठ जास्त झालं असेल," मी म्हणालो.

"आई जेवत नाही," ती म्हणाली. "नन्सच्या हातचंही नाही, माझ्याही नाही."

ओस्वाल्दो टेबलाशी बसून होता. त्याने डब्याचं झाकण काढलं, आत पाहिलं, परत लावलं.

तिसऱ्या रविवारी बुद्धिबळाचं मंडळ बंद होतं, म्हणून मी घरीच होतो. दुपारी तिपान दारात आला. या वेळी बूट स्वच्छ होते. कॉफी विचारली तर नको म्हणाला.

"फाउस्तोसाहेब, तुम्हाला सोबत यावं लागेल. पालक म्हणून. तो पलीकडे आहे."

"कोण?"

"तुमचा मेव्हणा."

मला हसू आलं, खरंच आलं. "अहो, ती जुन्या यंत्राची खोड. तो खोलीत झोपलाय," मी म्हणालो आणि ओस्वाल्दोच्या खोलीचं दार उघडलं. अंथरूण नीट घडी करून ठेवलं होतं. सुटाचा हँगर रिकामा होता. मागे नार्सिसा उभी होती. तिचा चेहरा बघून मला सगळे रविवार एकदम समजले.

"यंत्र चुकतं कधी कधी," मी तिपानला म्हणालो. तीस वर्षांत पहिल्यांदा मी समोर दिसत असलेली गोष्ट नाकारत होतो, आणि ते मला अजिबात जमत नव्हतं. "दरी आहे. भिंतीवर आवाज आपटतात. तुम्हीच आलात ना नदीवर जाऊन."

तिपानने खिशातून एक कागद काढला. कक्षाने त्याला वॉरंटसोबत दिलेला. माझा अर्ज होता. "यात तुम्हीच लिहिलंय साहेब. दोन वितींची चूक." आणि मग, जणू माफी मागावी तसं, म्हणाला, "त्या यंत्राला मी कॉफी प्यायला बसवू शकत नाही."

"तू मला सांगितलं का नाहीस?" मी नार्सिसाला विचारलं.

"तुम्हाला?" ती म्हणाली. "तुम्ही दिवाणखाना खोडून स्वयंपाकघर लिहायला लावलंत. तुम्हाला काय सांगायचं?"

आम्ही तिघं आणि बाहेर थांबलेला एक शिपाई दरीच्या पायऱ्या उतरलो आणि पलीकडे चढलो. वृद्धाश्रमाच्या व्हरांड्यात उन्हात सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. ओस्वाल्दो समोर स्टुलावर, सुटात, मांडीवर डबा. तो त्यांना चमच्याने सूप भरवत होता. त्याने आम्हाला येताना पाहिलं आणि चमचा थांबवला नाही. तिपानने टोपी काढून काखेत धरली आणि खांबाशी उभा राहिला. शिपाई पुढे झाला, तसं तिपानने हाताने त्याला मागे ओढलं.

"डबा संपू दे," तिपान म्हणाला.

डबा मोठा होता. सासूबाई सावकाश जेवतात. मी त्यांच्या शालीची गोंड्यांची किनार बघत राहिलो, दुसरीकडे कुठे बघणार? संपल्यावर ओस्वाल्दोने त्यांची हनुवटी पुसली, रुमाल घडी केला आणि उठला.

"ये," त्या म्हणाल्या.

"बघतो," तो म्हणाला.

माझ्याजवळून जाताना तो थांबला. मला वाटलं, आता काहीतरी म्हणेल, आणि मी ते ऐकायला तयार होतो. तो म्हणाला, "अर्ज फार चांगला लिहिला होता, भाऊजी." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला रात्री झोप लागली असती.

तुरुंगाबद्दल मी लिहीत नाही. वर्तमानपत्रं लिहितात आणि आम्ही आता ती घेत नाही. खटल्याची तारीख दोनदा पुढे गेली आहे. देखरेख कक्षात माझ्या अर्जाची प्रत नमुना म्हणून खिडकीशेजारी चिकटवली आहे, त्यावरून आता लोक आपापल्या नातेवाइकांचे अर्ज करतात. तो स्वल्पविराम अजून तसाच आहे. मी काढायला सांगितला, तर कारकूनबाई म्हणाल्या, आता ते अधिकृत झालंय.

तुरुंगात भेटीचा दिवस रविवार. रांग पहाटेपासून लागते, तिथे नार्सिसा जाते. पहिल्या रविवारी तिने निघताना सुपाचा डबा माझ्यासमोर टेबलावर ठेवला. त्या दिवसांत आमच्यात बोलणंच नव्हतं, फक्त वस्तू एकमेकांसमोर ठेवल्या जायच्या.

मी पायऱ्या उतरलो, चढलो. व्हरांड्यात सासूबाई त्याच खुर्चीत होत्या, आधीपेक्षा लहान दिसत होत्या. मी स्टुलावर बसलो. डबा उघडला. चमचा भरला आणि तसाच धरून राहिलो, कारण इतक्या वर्षांनंतर पहिलं वाक्य कोणतं बोलायचं हे मला सुचत नव्हतं. थोडं सूप त्यांच्या शालीवर सांडलं.

त्यांनी शालीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीत पुढे वाकून माझ्या पायांकडे बघितलं, आधी डाव्या, मग उजव्या.

"जावईबापू, तुमच्या पायात काही बसवलेलं नाही ना?"

"नाही."

"मग रविवारचीच वाट कशाला बघता?" त्या म्हणाल्या. "रोज येत जा."

आणि त्यांनी तोंड उघडलं.